पाय धुऊन आत यावे

पाहुण्या बाई नकाशाकडे बघतच नव्हत्या. पद्मजाबाईंच्या हे ध्यानात आलं, तोवर कोकिळेने छडीचं टोक पैनगंगेवरून उचलून पूर्णेवर आणून ठेवलं होतं. नकाशा मध्यप्रांत-वऱ्हाडचा, कापडावर चिकटवलेला. नागपूरच्या जागी उंदराने कुरतडलं होतं, त्यामुळे राजधानी दाखवायची वेळ आली की मुली छडी त्या भोकाशेजारी अदबीने धरत आणि पुढे सरकत. कोकिळा बोलत होती ते बिनचूक होतं, आवाज स्वच्छ होता, पण खुर्चीवरच्या बाईंचा चष्मा खाली झुकलेला होता. दारापासून नकाशापर्यंत काळ्या फरशीवर कोकिळेची ओली पावलं उमटली होती, आणि बाई ती ओळीने वाचत होत्या. बाहेर चैत्राचं ऊन. पाऊल उमटतं न उमटतं तोच टाच वाळायला लागे, मग चवडा, शेवटी अंगठ्याचा तेवढा एक थेंब राही. बाईंना घाई होती. अक्षरं पुसली जायच्या आत धडा संपवायचा होता.

"मुली, पुन्हा एकदा दारापासून चालत ये बघू," बाई म्हणाल्या. "नीट दिसलं नाही."

नकाशा खिळ्याला होता तिथेच होता. हाताला लागेल ते धरावं तसा पद्मजाबाईंनी टेबलावरचा खडू धरला.

पाय धुऊन आत यायचा नियम त्यांचाच. चिखलीची ही मुलींची शाळा कापसाच्या एका जुन्या वखारीत भरे. कापूस गेला होता, पण सरकीचा वास भिंतींनी धरून ठेवला होता. उन्हाळ्यात तो असा वर येई की शिकवणारीलाही वाटे, आता दावणीला कोणीतरी हंबरणार. बाजाराकडून येणाऱ्या गाड्यांचा फुफाटा मुलींच्या घोट्यापर्यंत चढलेला असे. म्हणून दाराशी एक घंगाळ, एक तांब्या, आणि बाईंच्या वळणदार अक्षरातली पाटी: 'पाय धुऊन आत यावे'. पहिल्या वर्षी गावात बरीच कुरबुर झाली. पाय धुऊन आत यायला ही काय शाळा आहे की देऊळ, आणि देऊळ असेल तर पुजारी कोण आहे ते बघा, असं कोणी कोणी म्हणालं. मग लोक विसरले, आणि मुलींना तर तो खेळच झाला. ओल्या पावलांनी धावत यायचं आणि वळून बघायचं, आपलं पाऊल वाळलं की शेजारणीचं आधी. पद्मजाबाई स्वतःही पाय धूत. पण आत येण्याआधी दाराशी अंथरलेल्या तरटावर ते कोरडे करत, पाटी पुसावी तसे, तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं. फरशीवर त्यांचं पाऊल कधी उमटलं नव्हतं. हे मनकर्णाबाईखेरीज कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मनकर्णाबाई बोलली नव्हती.

मनकर्णाबाई शाळेची बोलावणारी. सकाळी घरोघर जाऊन दारात हाका मारायच्या, वेण्या न झालेल्या मुलींना वेण्या घालू लागायच्या, न जेवलेल्यांना भाकरी हातात घेऊन चालायला लावायचं, आणि सगळा तांडा शाळेत आणून सोडायचा. कपाळावर हे एवढं कुंकू. तांडा गोळा करायच्या आधी ती बाईंच्या खोलीशी येई आणि म्हणे, "चला बाई, मी पुढं होतो." आणि ती पुढे होई, दोन पावलांवर. गल्लीत कोणी कामाला निघालेला असो, कोणी लग्नाच्या बोलणीला, त्याला आधी मनकर्णाबाईचं कुंकू दिसे आणि मग तिच्यामागून पांढऱ्या पातळातल्या पद्मजाबाई. आधी सवाष्ण दिसली की मागून विधवा आली तरी चालते, असा या गावाचा शकुनांचा कायदा होता. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मनकर्णाबाई रोज पुढे होत होती आणि बाई रोज मागे राहत होत्या, एवढंच. इतक्या वर्षांत गावाला त्याची अशी सवय झाली होती की हल्ली बायका बाईंना हाक मारून ओट्यावर थांबवत, पोरीचं अक्षर कसं काय म्हणून विचारत. जे पुसायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं, ते पुसलं गेलंय असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं.

कोकिळा परत दाराशी गेली होती. तांब्यातून पायावर पाणी घेताना तिची पाठ वर्गाकडे होती. परकर नवा, हिरवा. वेणीत मोगरा. सकाळी हे बघून पद्मजाबाईंना बरं वाटलं होतं. तहसिलीत कारकून असलेल्या भालचंद्रपंतांच्या घरात इन्स्पेक्शनचं महत्त्व कळतं म्हणायचं, असं त्या स्वतःशी म्हणाल्यासुद्धा होत्या. आता त्यांना तो मोगरा दिसला आणि खडू त्यांच्या बोटांत मोडला.

काल वामनराव आले होते. वामनराव वकील, शाळा कमिटीचे सेक्रेटरी. "उद्या दुपारच्या मोटारीने पाहुण्या येतील, बाई. मुलींना जरा नीटनेटकं ठेवा. कोकिळेला विशेष." ते शब्द आता त्यांनी पुन्हा एकेक करून तपासले. एकही खोटा नव्हता. इन्स्पेक्ट्रेसबाई याच आठवड्यात यायच्या होत्या. सातवीच्या वर्गात एकटी कोकिळा, आणि एका मुलीसाठी वर्ग ठेवणं म्हणजे एका भाकरीसाठी चूल पेटवणं, असं कमिटीचं म्हणणं. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी बरा शेरा दिला तर वर्ग राहणार, कोकिळा बुलढाण्याला सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार, पास झाली की अमरावतीला नॉर्मल स्कूलात, आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी शाळेत खडू धरून उभी राहणार. वाईट दिला तर चूल विझणार. म्हणून 'पाहुण्या' म्हटल्यावर पद्मजाबाईंना दुसरं काही सुचलंच नाही. आज वामनराव चष्मेवाल्या, छत्रीवाल्या, पायात सपाता घातलेल्या एका भारदस्त बाईंना घेऊन आले, म्हणाले, "ह्या आल्या," आणि बाहेर ओसरीवर वर्गाकडे पाठ करून पान जमवत बसले. या भागातले सभ्य पुरुष बायकांची ओळख अशीच करून देतात. नाव घेणं फाजीलपणाचं, नातं सांगणं त्याहून. ह्या आल्या. आता त्या कोण, ते त्या गेल्यावर कळावं.

आणि आपण काय केलं? आपण खुर्ची दिली, वाळ्याचं पाणी दिलं, आणि मुलगी पुढे केली.

पाहुण्या बाईंनी विचारलं होतं, वय काय? पद्मजाबाई अभिमानाने म्हणाल्या होत्या, चौदा पूर्ण. कारण फायनलला ते लागतं. लग्नासाठी शारदा कायद्यालाही तेच लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या वेळी आठवलं नाही. बाई म्हणाल्या, दात बघू. नखं बघू. आरोग्याचे गुण असतात, पद्मजाबाईंनीच मान हलवून कोकिळेला पुढे ढकललं. वेणी सोडून पुन्हा घालायला लावली. उवांचीही तपासणी होते. बारीक अक्षरातलं वाचायला लावलं. डोळे बघायला हवेतच. सुईत दोरा ओवायला, काज करायला, एक पद म्हणायला, ते सगळं अभ्यासक्रमात होतं. आमटीत गूळ किती, हेही होतं, गृहशास्त्रात. सरकारने मुलींसाठी अभ्यासक्रम केला आणि सासवांनी सुनांसाठी, त्या दोघांनी एकमेकांच्या पाटीत बघून लिहिलं असावं. एकाच प्रश्नपत्रिकेवर कोणी पास होऊन अमरावतीला जायचं आणि कोणी पास होऊन चुलीपुढे, आणि परीक्षा घेणारणीने चष्मा लावला असेल तर देणारीला कळायचं कसं? कोकिळेने एकेक उत्तर दिलं आणि बाई हसून 'छान' म्हणाल्या, आणि प्रत्येक 'छान'ला पद्मजाबाईंचा जीव सुपाएवढा झाला. नकाशा त्यांनीच पुढे काढला. त्या म्हणाल्या होत्या, "हिचा भूगोल बघा ना."

खरोखर आपणच म्हणालो.

मेहकरला असंच ऊन होतं, पद्मजाबाई तेव्हा ठकू होत्या. ठकू आठ वर्षांची होती आणि तिला अंगणातून माजघरापर्यंत चालायला सांगितलं होतं. माजघर नुकतंच सारवलेलं. पाय ओले करून चाल हं ठके, असं आई म्हणाली, आणि आईने कधी नव्हे ते तिच्या गालावरून हात फिरवला, म्हणून ठकू फार नीट चालली. सारवलेल्या जमिनीवर पावलं काळसर उठली. चवडा भरलेला, टाच गोल, मध्ये रिकामी जागा, जशी लक्ष्मीची काढतात तशी. एक जाड बाई खाली वाकल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगोबाई, ही तर घरात येणारी पावलं." ठकूला वाटलं आपण काहीतरी जिंकलो. लग्नात त्यांनी तिचं नाव पद्मजा ठेवलं, त्या पावलांवरूनच. अकराव्या वर्षी, पटकीच्या साथीत, ज्याचं नाव तिने फक्त उखाण्यात घेतलं होतं तो मुलगा गेला. त्याच जाड बाई, त्याच वाकल्या, आणि म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची." पावलं तीच होती. मोजून बघितलं असतं तर एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. नाव मात्र कोणी बदललं नाही. लक्ष्मी म्हणून ठेवलेलं नाव त्या घराने अवदसेला तसंच राहू दिलं, कारण बारशाचा खर्च पुन्हा कोण करणार? पुढे वडिलांनी तिला पुण्याला बायकांच्या आश्रमात घातलं, डोक्यावर केस पुन्हा आले, ती शिकली, 'बाई' झाली, परत आपल्या मुलखात आली. पण माजघरापर्यंत चालताना तळव्याला लागलेला तो ओल्या शेणाचा गारवा कधी वाळला नाही. आत्ताही, सपाट कोरड्या फरशीवर उभं असताना, तो होता.

"चल," खुर्चीवरून आवाज आला.

विचारावं का, आपण कोण म्हणून? पण त्या खरोखरच इन्स्पेक्ट्रेस असतील तर? पाय स्वच्छ आहेत की नाहीत एवढंच बघत असतील तर? दारावर एवढी मोठी पाटी लावल्यावर तपासणारीने पायच बघितले, तर चुकलं कुणाचं? अर्धा तास ज्यांना 'बाईसाहेब' म्हटलं, त्यांना आता 'तुम्ही कोण' विचारायचं, आणि त्यांनी चष्म्यावरून बघत कागद मागायचा, आणि शेरा लिहायचा. वर्ग जाईल. ओसरीवर जाऊन वामनरावांना विचारावं, तर ते चुना लावता लावता म्हणतील, 'म्हणजे काय, बाई? पाहुण्या आहेत.' कोकिळेला खुणावून चुकायला लावावं? इन्स्पेक्ट्रेस असल्या तर मुलगी नापास. आणि दुसऱ्या असल्या, तर मुलीला चारदोन नद्या येत नाहीत म्हणून जगातली कुठली सासू परत गेली आहे? विचार असे घाण्याच्या बैलासारखे फिरत होते आणि पद्मजाबाईंच्या हातातल्या खडूचा भुगा पातळाच्या काठावर पडत होता.

कोकिळा चालू लागली. आणि पद्मजाबाईंना दिसलं, ती चालत नव्हती. ती पाय ठेवत होती. एकेक तळवा अख्खाच्या अख्खा फरशीवर दाबत, शिक्का मारावा तसा, घोटे आत वळवून. पावलं उमटली ती रुंद, चपटी, मधली जागा पार भरलेली. बदकाची. या मुलीचं पाऊल पद्मजाबाई बिगरीपासून बघत आल्या होत्या; ते असं नव्हतं. कोकिळेने नकाशाशी येऊन छडी घेतली आणि मान वर केली. तिचा खालचा ओठ दातात होता. ती पद्मजाबाईंकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट होती: तिला पहिल्यापासून माहीत होतं. सकाळी आईने मोगरा माळला तेव्हापासून. आणि ती सबंध दुपार वाट बघत होती, आपल्या बाईंना कधी कळतंय याची.

पाहुण्या बाई हसल्या. समजूतदार, अनुभवी हसू. "वाकडं चालू नये गं मुली. मघाशी किती छान चालली होतीस. ती पावलं बघितली आहेत मी." मग वळून पद्मजाबाईंना म्हणाल्या, "छान तयार केलीत हो तुम्ही मुलीला. अगदी हवी तशी."

अगदी हवी तशी. हा शेराही होऊ शकत होता.

एवढ्यात मनकर्णाबाई ताट घेऊन आली. पाहुणी निघताना तिला हळदकुंकू लावायची शाळेची रीत होती. तेवढ्यासाठी कपाटात एक पितळी करंडा होता. लावायची मनकर्णाबाईने. त्या वेळी पद्मजाबाई काही ना काही निमित्ताने नकाशाच्या कोपऱ्याकडे सरकत, दोरी सारखी करत, खिळा बघत. तो नकाशा असा टांगून इतका सरळ झाला होता की जिल्ह्यात तसा दुसरा नसेल. आजही त्यांचे पाय आपोआप तिकडे वळले. मनकर्णाबाईने पाहुण्यांना कुंकू लावलं. पाहुण्यांनी ते लावून घेतलं, आणि करंड्यातलं चिमूटभर आपल्या बोटावर घेतलं. दुसऱ्या हाताने पिशवी उघडली. पिशवीत काहीतरी गोल होतं, रुमालात गुंडाळलेलं. नारळ असेल. सरकारी शिक्क्याची डबीही असेल.

"ये गं, अशी पुढे ये," त्या कोकिळेला म्हणाल्या. "अशी जवळ."

पद्मजाबाई नकाशाच्या दोरीला हात घालून उभ्या होत्या. त्यांना एकदम फार हलकं, फार भयंकर असं काहीतरी सुचलं. सुचलं म्हणजे हाताला सुचलं. डोकं मागून आलं. ही जर इन्स्पेक्ट्रेस असेल, पुण्यामुंबईची शिकलेली, तर विधवेने मुलीला कुंकू लावलेलं पाहून वर चार चांगले शब्द लिहील. आणि ती जर दुसरी असेल, तर एवढं पुरे आहे. याहून जास्त काही लागत नाही. गाव जे शस्त्र आयुष्यभर आपल्या अंगावर धरून होतं, त्याची मूठ आपल्याच बाजूला आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

त्या चार पावलांत ताटाशी आल्या. मनकर्णाबाई बाजूला व्हायला विसरली. पद्मजाबाईंनी करंड्यात बोट बुडवलं. कुंकू इतकं मऊ असतं हे त्या विसरल्या होत्या. कोकिळेची हनुवटी डाव्या हाताने वर केली, आणि पाहुण्यांचं बोट हवेत असतानाच तिच्या कपाळावर आपलं टेकवलं. थोडं कुंकू तिच्या नाकावर सांडलं.

मग दुसरीच्या रांगेतून एक बारीक, आनंदी आवाज आला, "नाकावर सांडलं वो बाई! कोकिळाताईले नवरा लाडाचा भेटते!" आणि शेजारणीने तिला चिमटा घेतल्याचं ऐकू आलं.

पाहुण्यांनी आपलं बोट सावकाश मागे घेतलं. त्यावरचं कुंकू कुठे पुसावं हे त्यांना कळेना. त्यांनी ते रुमालाला पुसलं, रुमाल सुटला, आणि आतला नारळ, शेंडीसकट, दिसला. मग शंकेला जागा राहिली नाही. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावला असता तर पद्मजाबाईंना सोपं गेलं असतं. तो घाबरलेला होता, साप बघितल्यासारखा. शिकलेला, चष्मा लावलेला, खराखुरा घाबरलेला चेहरा. "वामनराव," त्या म्हणाल्या, मग मोठ्याने, "वामनराव! चला. निघू या." त्या कोकिळेला वळसा घालून गेल्या. तिच्या पावलांच्या वाळत आलेल्या ठशांनाही.

वामनराव पान तोंडात तसंच धरून दारात आले. "बाई," ते म्हणाले, "माझी मावसबहीण आहे ती. खांडव्याहून आली होती. मुलगा डॉक्टरीला आहे. शाळेत सहज बघू, जमलं नाही तर गावात बोभाटा नको, म्हणून मी... तुम्हाला काही कळतं का, तुम्ही काय केलंत? तुम्ही, म्हणजे तुमच्या हाताने?" त्यांना शब्द पुरा करता येईना, आणि पद्मजाबाईंना वाटलं, त्यांनी तो करावा. त्यांनी केला नाही. ते सभ्य होते.

शाळा सुटली. मनकर्णाबाईने ताट घासून कपाटात ठेवलं, करंडा मात्र खिडकीत उघडा राहू दिला. मग ती म्हणाली, "माह्या हातातलं ताट होतं, बाई. मले सांगतलं असतं तं मीच पाडलं असतं खाली. तुमी काऊन हात घातला?" पद्मजाबाई म्हणाल्या, "ताट पडलं असतं तर त्यांनी उचलून दिलं असतं, मनकर्णाबाई." "हाव," ती म्हणाली. "थे बी हाय." आणि पदराने नाक पुसलं.

सकाळ झाली तेव्हा पद्मजाबाई केव्हाच्या जाग्या होत्या. काल जाताना कोकिळेचा हात कपाळाकडे गेला होता, अर्ध्यावर थांबला होता, आणि ती दाराबाहेर पडली होती. तो हात पुढे कुठे गेला? घरी गेल्यावर तिने कपाळ धुतलं का? का आईने धुतलं, घासून, राखेने? मुलीला स्थळापासून वाचवलं हे खरं. पण अपशकुनी बोट तिच्या कपाळावर टेकवलं हेही गावाच्या हिशेबी खरंच, आणि ती मुलगी गावातच जन्मली होती. तिने तळवा सपाट केला होता, तिने आपल्यापुरती लढाई मांडली होती, आणि आपण मध्ये घुसून ती अशा हत्याराने जिंकली, की आता तिला ते आयुष्यभर कपाळावर बाळगावं लागेल.

मनकर्णाबाई दाराशी आली. "चला बाई. मी पुढं होतो."

"आज मी पुढे होते," पद्मजाबाई म्हणाल्या.

गल्लीत ऊन नुकतं उतरलं होतं. पहिलं दार त्या येताना बंद झालं. मग पुढचं. कड्या एकीमागून एक वाजत गेल्या, आणि त्यांना सवयीने वाटलं हजेरी चाललीय. एकेक घर 'हजर' म्हणत होतं. एक गाडीवाला जुंपलेले बैल सोडून परत घरात गेला. मागून मनकर्णाबाई हाका मारत होती, आणि तिच्या हाकांना आतून उत्तरं येत होती, ताप आहे, पाहुणे आहेत, उद्या येईल. थोड्याशा मुली आल्या. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं त्या, आणि जी नाकावरच्या कुंकवाला हसली होती ती.

भालचंद्रपंत ओट्यावर उभे होते. रात्रभर झोप नसलेला सरकारी माणूस. ते ओट्यावरून खाली उतरले नाहीत, पण आतही गेले नाहीत. "वामनरावांच्या मावसबहिणीने सगळ्या खांडव्यात सांगितलं नसेल तर आज सांगेल," ते म्हणाले. "आणि खांडव्यापासून नागपूरपर्यंत आमचीच माणसं आहेत. तुमच्या हाताचं कुंकू लागलेली मुलगी आता कोण करणार, बाई?"

पद्मजाबाई परत फिरल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या.

"मग घरात बसवून तरी काय करू?" ते एकदम ओरडले, आणि मग अगदी खाली आवाजात म्हणाले, "न्या. शिकवा. तुम्हीच बिघडवलीत, आता तुम्हीच हिचं काय ते करा. फायनल का काय ते." ते आत वळले. आतून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, पण तो मोठ्या बाईचा होता.

कोकिळा बाहेर आली. परकर जुना होता. कपाळावर कुंकू होतं. कालचं की आजचं, कोणी लावलेलं, ते पद्मजाबाईंना कळेना, आणि त्यांना विचारता येईना. नाक स्वच्छ होतं. वाटेत ती मनकर्णाबाईच्या तांड्यात मिसळली नाही, बाईंच्या पुढेही झाली नाही. बाजाराच्या वळणाशी पुढे आणखी एक दार बंद झालं, तेव्हा ती म्हणाली, "मी सपाटच टाकणार होते, बाई. दहा वेळा चालवलं असतं तरी."

"माहीत आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

"त्यांनी नसतं ऐकलं," कोकिळा म्हणाली. आणि मग, "तुमच्याकडे आता कोणी पोरी पाठवतील का हो?"

वखारीशी येऊन मुलींनी पाय धुतले. बाजाराकडून मोटारीचा भोंगा ऐकू आला, सकाळचीच मोटार, आणि मनकर्णाबाईने कपाळावर हात आडवा धरून रस्त्याकडे बघितलं. "बाई, चष्मा दिसते वो. छत्री बी हाय. आज कोन आली म्हनावं?" मग तोंडाला पदर लावून, "आता हे नकाशा पाह्यते का पाय?"

कोकिळेला हसू आलं. ते तिने दाबलं नाही. ती आत गेली आणि नकाशाशी जाऊन छडी हातात घेऊन उभी राहिली, रिकाम्या रांगांकडे तोंड करून. फरशीवर तिची पावलं उमटली होती, चवडा, टाच, मध्ये रिकामी जागा.

पद्मजाबाईंनी तांब्याने पायावर पाणी घेतलं. आधी उजव्या, मग डाव्या. तरट होतं तिथेच होतं. त्यांनी ते पायाने बाजूला सारलं आणि ओल्या पायांनी आत गेल्या. टेबलापर्यंत मागे वळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण दुसरीतली ती पोरगी खाली फरशीकडे बघून म्हणाली, "अगं माय, बाईचे बी उमटतेत!" आणि त्या वळल्या.

पावलं वाळायला लागली होती. छत्री दारात आली तेव्हाही त्या तिथेच बघत होत्या.